रोज एक ओळ, जेवणानंतर

प्रिय मुकादम,

आधी 'प्रिय आई' लिहिलं होतं. मग वाटलं, घटस्फोटाच्या सह्या होऊन वर्ष झालं, आता तो शब्द वापरायचा की नाही हे विचारायचं कोणाला? 'काकू' लिहून पाहिलं, तर तुम्ही माझ्या समोरच्या इमारतीत राहता असं वाटायला लागलं. म्हणून हेच बरं. मुकादम मी तुम्हाला तोंडावर म्हणायचे, तुमची सून होते तेव्हाही आणि ते लग्न मोडत होतं तेव्हाही, आणि तुम्ही कधी रागावला नाहीत. रागावला असाल तर दाखवलं नाहीत. औषधांच्या दुकानात तीस वर्षं काउंटरमागे उभ्या राहिलेल्या बाईचा चेहरा तुमचा, त्यावरून कोणाला काय कळणार?

तुमचं पाकीट सोमवारी मिळालं. त्याच्याबद्दल लिहितेच, पण आधी माझं ऐका. खोली बरी आहे. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, दिवसभर कोणीतरी कोणाच्या तरी टायरात हवा भरत असतं, आणि मला आता त्या आवाजावरून कळतं की माणूस घाईत आहे की नाही. नोकरी तीच, लॅबमध्ये कवळीचे दात बनवायची. दात म्हणजे तरी काय, न ओवलेले मणीच. फरक इतकाच की चूक झाली तर उसवता येत नाही, माणूस तोंड घेऊन परत येतो. सवय इतकी वाईट लागलीय की परवा बसमध्ये एक बाई माझ्याशी छान गप्पा मारत होती आणि मी मनात तिच्या वरच्या दोन दातांचा रंग जुळवत बसले होते. तिने काय सांगितलं विचाराल तर शपथेवर सांगते, एक अक्षर आठवत नाही.

पहिला गुरुवार आठवतोय का तुम्हाला? लग्न होऊन आठ दिवस झाले होते, माझी आठवड्याची सुट्टी, घरात आपण दोघी आणि पेपर तोंडावर घेऊन झोपलेले बाबा. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. तुम्ही खिडकीशी टेबलावर बसला होतात, पुढ्यात दुकानातून आणलेला तो गोळ्या मोजायचा त्रिकोणी ट्रे, आणि त्यात पसरलेले निळे मणी तुम्ही चपट्या पट्टीने पाच-पाच करून बाजूला सारत होतात, अगदी कोणाच्या तापाच्या गोळ्या असाव्यात तशा. मान वर न करता विचारलंत, सुईत दोरा ओवता येतो का. माझं शिक्षण, माझा पगार, मला काय काय करता येतं, यातलं काही नाही. येतो म्हणाले मी. अकरा मिनिटं लागली. अकरा हे मला माहीत आहे, कारण तुम्ही घड्याळाकडे बघत होतात आणि मी तुमच्याकडे.

त्यानंतरचे सगळे गुरुवार. ज्यांच्यामुळे तुम्ही मुकादम झालात ते तुमचे नियम मला अजून पाठ आहेत. दोऱ्याला मेण लावल्याशिवाय सुरुवात नाही. दागिना कोणासाठी आहे ते आधी ठरवायचं नाही, ठरवलं की हात घाबरतो. चूक दिसली की तिथपर्यंत उसवायचं आणि त्यावर चर्चा करायची नाही. आणि चूक माझीच असायची, कारण माझा हात सैल. तुम्ही माझी ओवलेली पट्टी उजेडात धरायचात आणि म्हणायचात की हिच्या ओळींतून वारा येतो, पडदे लावून घे. बाबांचं वेगळंच. अनवाणी फिरायचे आणि दर दोन दिवसांनी त्यांच्या पायाखाली मणी यायचाच. एका पायावर उभे राहून म्हणायचे, या घरात एक तर मणी राहतील नाहीतर मी. तुम्ही शांतपणे विचारायचात, मणी कुठल्या रंगाचा होता. सापडला की तो आधी ट्रेमध्ये, बाबांचा पाय नंतर.

ती निळी आणि राखाडी पट्टी आपण कधी सुरू केली ते मला नक्की आठवत नाही. गळ्यालगत बसेल अशी, रुंद. कल्पना तुमची: दोघींनी दोन टोकांकडून सुरुवात करायची, मधे येऊन जोडायचं. नव्वद ओळी तुमच्या, नव्वद माझ्या. तेच मणी, तोच दोरा, आणि तरी अर्ध्या वाटेवर मोजून पाहिलं तर माझ्या अठ्ठेचाळीस ओळी तुमच्या अठ्ठेचाळीस ओळींपेक्षा अर्धं बोट लांब. तुम्ही दोन्ही तुकडे शेजारी ठेवलेत आणि फक्त माझ्याकडे पाहिलंत. मी माझी बाजू उसवायला घेतली. दोनदा.

तुमच्या मुलाबद्दल मला काही वाईट लिहायचं नाहीये. आम्ही धड भांडलोसुद्धा नाही. तो विचारायचा, असं केलं तर? मी म्हणायचे, चालेल. मी विचारायचे, तसं केलं तर? तो म्हणायचा, चालेल. असं करत करत आम्ही दोघं अशा जागी पोचलो की एकमेकांना विचारण्यासारखं काही उरलंच नाही. भांडण असतं तर तुम्ही मधे पडला असतात. तुम्हाला मधे पडायला आम्ही जागाच ठेवली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

मी निघाले त्या दिवशी तुम्ही रडला नाहीत, मला जवळही घेतलं नाहीत. आत गेलात आणि औषधाचं कागदी पाकीट घेऊन आलात, दुकानातलं, सकाळ-दुपार-रात्र असे चौकोन छापलेलं. आत अठ्ठेचाळीस ओळींवर थांबलेला माझा तुकडा, दोऱ्याचं रीळ, मोजून घातलेले मणी. दुपारच्या चौकोनात तुमच्या त्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: रोज एक ओळ, जेवणानंतर. मी रिक्षात हसले. मग रडले. रिक्षावाल्याने आरसा वळवून घेतला, भला माणूस.

मी औषध घेतलं, मुकादम. कामावर डबा संपला की खिडकीशी बसून एक ओळ. कमी नाही, जास्त नाही. बेचाळीस दिवसांत माझी बाजू पूर्ण झाली आणि त्रेचाळिसाव्या दिवशी डबा खाल्ल्यावर हातांना काय करायचं ते कळेना. म्हणून बेचाळीसच्या बेचाळीस ओळी उसवल्या आणि पहिल्यापासून सुरू केल्या. तुम्हाला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर औषध बंद झालं असतं. असं पाच वेळा केलं. पाचव्या खेपेला माझ्याबरोबर काम करणारे म्हातारे गृहस्थ पट्टी हातात घेऊन म्हणाले, काय घट्ट विणता हो तुम्ही, दगड आहे नुसता. मी? मी ती परत घेऊन उजेडात धरून पाहिली.

गेल्या महिन्यात तुमच्या मुलाचा फोन आला होता. लग्न करतोय हे त्याने स्वतः सांगितलं, मला बरं वाटलं. खरंच. आणि मग सोमवारी तुमचं पाकीट. तसंच, चौकोन छापलेलं. आत तुमचा तुकडा आणि चार ओळींची चिठ्ठी: माझी बाजू झाली. तू जोडून टाक आणि तुझ्याकडेच ठेव. घरात नवीन मुलगी येतेय, जुनं काही दिसायला नको. सुखी राहा. आणि पाकिटावर दुपारच्या चौकोनात दोन शब्द: कोर्स पूर्ण.

ते दोन शब्द मी खूप वेळ पाहत होते. आधी राग आला म्हणून. मग अक्षर दिसलं. ते ठसठशीत नव्हतं. 'पूर्ण'मधला पू चौकोनाबाहेर गेला होता. मग मी तुमचा तुकडा उजेडात धरला. पहिल्या साठेक ओळी तुमच्याच, सुई शिरणार नाही अशा. पुढे एखादा मणी तिरका. आणि शेवटच्या चोवीस ओळींतून वारा येत होता. एका ठिकाणी तुम्ही उसवून पुन्हा घातलंय, आणि पुन्हा, दोऱ्याला केस आलेत. हात कधीपासून थरथरतोय? डॉक्टरांना दाखवलं का? बाबांना माहीत आहे का, की त्यांना सांगताय की चष्म्याचा नंबर वाढलाय?

तुमच्या नियमाने त्या चोवीस ओळी उसवायला हव्या होत्या. मी कात्री घेतली. आणि माझ्या बाजूच्या शेवटच्या चोवीस ओळी उसवल्या. मग त्या पुन्हा ओवल्या, सैल, मुद्दाम, तुमचा तुकडा शेजारी ठेवून, जिथे तुमचा मणी तिरका तिथे माझाही. सोपं नव्हतं. वर्षभरात हाताला लागलेलं वळण सोडायला तीन संध्याकाळी गेल्या. काल जोडली. शोधून दाखवा जोड. गळ्याशी धरली की मधला भाग दगडासारखा उभा राहत नाही, खळगीत मऊ पडतो, आणि मला वाटतं पट्टीत तेवढंच सगळ्यात चांगलं जमलंय.

पण हूक लावलेला नाही. ते काम नेहमी तुमचं. एकटीने होणार नाही म्हणाल, तर तुम्ही धरा, मी टाचते. येत्या गुरुवारी तीन वाजता येते. हे पत्र त्यासाठीच. पोस्टाने मी ती पाठवणार नाही, आणि माझ्याकडे ठेवणारही नाही. कोणासाठी आहे ते आपण अजून ठरवलेलं नाहीये. नको असेन तर फोन करून सांगा, मला वाईट वाटेल पण मी ऐकेन. आणि पुढे कधी ती नवी मुलगी घरात असली आणि तिने विचारलं की ही कोण, तर सून होती वगैरे सांगत बसू नका, बिचारी गोंधळेल. सांगा, माझ्याबरोबर ओवायला बसते. ती दारातच उभी राहिली, तर तिला विचारा, सुईत दोरा ओवता येतो का. घड्याळाकडे या वेळी मी बघेन.

तुमचीच,
सैल हाताची