ही आपली इरा नाही

१४ ऑक्टो., कॉव्हेंट्री
तान्ह्या इराचं रडणं चालूच. इथले फॅमिली डॉक्टर म्हणाले कॉलिक आहे, पोटात कळ येते, जाईल हळूहळू. ऋचाला झोप नाही. सासूबाईंचा व्हिसा अजून अडकलेला. शेजारच्या नोराआजी सूप घेऊन आल्या. मूळच्या आयर्लंडच्या. पाळण्यात लोखंडी चिमटा आडवा ठेवला, पऱ्यांनी बाळ उचलून नेऊ नये म्हणून. मी हसलो.
ऋचा म्हणाली, "आई पण उशाखाली सुरी ठेवायला सांगतेच की."

१९ ऑक्टो.
नोराआजी रोज येतात. मी ऑफिसच्या कॉलवर असताना ऋचाला सोबत. आजची गोष्ट: तिकडच्या पऱ्या पंखवाल्या, गोंडस वगैरे नसतात. माणसांएवढ्या, टेकड्यांच्या पोटात राहणाऱ्या. धडधाकट बाळ नेतात, स्वतःचं रोगट, म्हातारं पोर त्याच रूपात ठेवून जातात. आईलाच फक्त कळतं.
ऋचाने दोनदा विचारलं, "आईलाच?"

२४ ऑक्टो.
इराचं रडणं थांबलं. अगदी अचानक. मी खूश. ऋचा दूध पाजते, पण मान वळवून.
"बघ ना, कशी बघते माझ्याकडे. म्हातारीसारखी."
"जरा झोप तू."
"ही आपली इरा नाहीये."
थकलीय फार. बाळ-बाळंतिणीला घरी येऊन बघणाऱ्या नर्सला, हेल्थ व्हिजिटरला, फोन केला. पुढच्या आठवड्यात येईल.

३१ ऑक्टो.
संध्याकाळी मीटिंग संपवून खाली आलो. पाळणा रिकामा. ऋचा शांतपणे कणीक मळत होती.
"इरा कुठंय?"
"कॅनॉलजवळ. नोराआजींनी सांगितलेल्या काटेरी झाडाखाली पऱ्यांचं पोर ठेवलंय. आज हॅलोविन, त्यांची दारं उघडी असतात. आपली आणून देतील."
लपवलं काहीच नाही. धावलो. काटेरी हॉथॉर्नखाली इरा, पातळ झबल्यात. ओठ निळे. बाजूने हॅलोविनची पोरं भुतांचे कपडे घालून हसत चाललेली. श्वास चालू होता. ॲम्ब्युलन्स...

३ नोव्हें.
इरा वाचली. दोघी मदर अँड बेबी युनिटमध्ये, आईवर मानसोपचार करताना बाळही जवळ ठेवतात तिथे. इराजवळ सतत एक नर्स. डॉक्टर म्हणतात, बाळंतपणानंतर काहींना होतं असं, औषधांनी बऱ्या होतात.
नोराआजी घराच्या दारात रडत उभ्या. त्यांच्या आजीच्या गावात एकीने असंच केलं होतं म्हणे.
"मग? बाळ परत आलं तिचं?"
"येणार कुठून? ते तिचंच होतं. थंडीने गेलं."
गोष्टीचा हा भाग त्यांनी ऋचाला सांगितलाच नव्हता.

२६ नोव्हें.
ऋचा खूपच बरी. जेवते, केस विंचरते. डॉक्टरांनी विचारलं, ही कोण? "माय इरा." त्यांचा चेहरा खुलला. शनिवारी दोघींना दिवसभर घरी पाठवायचं म्हणतायत.
ते गेल्यावर माझ्याकडे वळली. मराठीत, हसत: "त्यांना हवं ते बोलले मी. हिला एकदा इथून बाहेर काढू, मग आपली इरा मागून घेऊ."
नर्सलाही हसू आलं. विचारलं, काय म्हणते?
मी म्हटलं, घरची आठवण येतेय.
पार्किंगमध्ये बसलोय. गाडी सुरू केलेली नाही. आत जाऊन सांगायलाच हवं. पण सांगितलं, तर पुढच्या वेळी मनातलं मला तरी सांगेल का ती?