उद्याच्या सभेत हात कुणीकडं?

अहो,

सप्रेम जयभीम.

तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. तुम्ही होता तेव्हा गरजच पडली नाही. तुम्ही दुकानात, मी घरात, मध्ये फक्त आपल्या तेर गावचं बसस्टँड. आज लिहिते, कारण उद्या आपल्या संस्थेची सभा आहे आणि तुमचा शेअर वारस म्हणून माझ्या नावावर झालाय. टीव्हीवरचे खेळ बनवायचं काम बंद करावं आणि कॉम्प्युटर दूध संस्थेला द्यावा, असा ठराव आहे. पाच जण बाजूनं, पाच जण विरोधात. अकरावी मी. तुम्ही असता तर तुमच्या मनात काय असतं, तेच मला कळेना. कुणाला विचारू?

खरं सांगू? तुम्ही नेमकं काय काम करत होता, तेही मला कधी नीट उमगलं नाही. शेजारणी विचारायच्या, "सुमन, तुझे मालक काय करतात गं?" मी म्हणायचे, "टीव्ही दुरुस्त करतात." तेवढं खरंच होतं. पण दुरुस्त झालेल्या टीव्हीपुढं बसून तुम्ही तासन्‌तास बटणं बडवायचा, त्याला काय म्हणायचं?

खेळाचं वेड मात्र जुनं. बहात्तरच्या दुष्काळात आपण दोघं खडी फोडायला जायचो. नवीनच लग्न झालेलं. दुपारच्या सुटीत तुम्ही सपाट दगडावर कोळशानं वाघबकरीचा पट आखायचा. भाकरी अर्धीच असली तरी माणसं पटाभोवती गोळा! मुकादम ओरडायचा, "अय मास्तर, सरकारनं खडी फोडाया बोलावलंय, वाघ पाळाया न्हाय!" आणि थोड्या वेळानं तोच उकिडवा बसून विचारायचा, "आता पाळी कुणाची?"

पुढं तुम्ही रेडिओ-टीव्हीचं काम शिकलात. तेव्हा जो तो संस्था काढत होता. दुधाची, कोंबड्यांची, सुताची. तुम्ही आणि दुकानातले तुमचे जोडीदार लतीफभाई, दोघांनी शिकलेल्या बेकार पोरांची काढली. मग एक दिवस पुण्याहून तो कॉम्प्युटर आणलात. नुसती बटणांची पाटी! ती टीव्हीला जोडायची, आणि त्यातला खेळ टेपच्या कॅसेटवर साठवायचा. कॅसेट लावली की किर्रर्र आवाज. मला वाटलं, टेप बिघडला.

खेळ कसला करायचा, तेही सभेत ठरलं. पडद्यावर एक बाई, डोक्यावर घागर. टँकरच्या रांगेत पाणी भरायचं आणि न सांडता घरी न्यायचं. वाटेत कुत्री, सायकलवाले, खड्डे. प्रत्येक गोष्टीला सूचक आणि अनुमोदक! सभा आपल्या ओसरीवर व्हायच्या. मला चुलीपुढून सगळं ऐकू यायचं. अध्यक्ष दिगंबरराव म्हणायचे, "कुत्रं काळं कशाला? पडदा काळा, कुत्रं काळं, मानसानं बघायचं काय?"

त्या दिवशीचा वाद आठवतो? घागर सांडली की खेळ खलास, असं लतीफभाईंनी केलं होतं. संस्थेतल्या पोरांपैकी महादू उठला. "मला हे पटत न्हाय. माझ्या आईची घागर सांडली तर ती काय मरायची व्हय? गुमान रांगंच्या शेवटाला जाऊन उभी ऱ्हायची."

लतीफभाई म्हणाले, "अरे, मग खेळ संपायचा कधी?"

"रांग संपती व्हय कधी?"

सगळे हसले, मतं घेतली, महादूचा ठराव पास! आणि आपला खेळ असा झाला की त्यात कुणी हरतच नाही.

मग तुळजापुरात नवरात्रात टीव्ही मांडलात. एका डावाला एक नाणं. सास्तूरकडची एक नवी नवरी पहिल्यांदा बसली. घागर सांडायची, ती परत रांगेत. मागं ही गर्दी खोळंबलेली! सासू शोधत आली. "अगं, देवीची रांग सोडून हितं टँकरच्या रांगंत काय करतीस?" तर ती म्हणाली, "थांबा की आत्याबाई, माझा नंबर आलाय!" त्या एकाच नाण्यावर बसली ती लाईट गेली तेव्हा कुठं उठली. हे सांगताना तुम्हाला हसू आवरत नव्हतं, आणि लतीफभाई शेजारी डोकं धरून बसलेले.

सोलापूरच्या व्हिडिओगेमवाल्या दुकानदारांनीही आपल्या कॅसेटी परत पाठवल्या. "मानूस हरत न्हाय, मग गिऱ्हाईक उठायचं कसं?"

महादूचा ठराव बदलायला एक सभा पुरे होती. तुम्ही का नाही बोलावली? मतं घेतली त्या दिवशी तुमचा हात कुणीकडं होता? लतीफभाई सांगतात, "वहिनी, ते माझ्या बाजूला होते." महादू सांगतो, "न्हाय वो, दादांनी मलाच मत दिलं." जेवताना मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "पास झाला ना? मग तो सगळ्यांचा." हे काय उत्तर झालं?

आणि मग वैशाखात दोन दिवसांच्या तापात गेलात. विचारायचं ते राहूनच गेलं.

परवा अध्यक्ष घरी आले. "वहिनी, असली संस्था साऱ्या जिल्ह्यात न्हाय. बंद पडली तर इज्जत काय ऱ्हाईल?" त्यांना तर खेळताही येत नाही! मागोमाग लतीफभाई आले. मला वाटलं, ते तरी चालू ठेवा म्हणतील. तर खाली बघत म्हणाले, "जाऊ द्या वहिनी ते मशीन. आता तेच न्हाईत, तर मी कुणाशी भांडू?" ज्यानं हातानं बनवलं तो म्हणतो बंद करा. मी काय समजायचं?

म्हणून आज दुपारी मी दुकानात गेले. म्हटलं, "लतीफभाई, लावा. मला खेळायचंय." इतक्या वर्षांत मी त्या बटणांना हात लावला नव्हता. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, "ये, बघ खेळून." हा राग माझा राहणार.

वाटलं होतं, खेळले की तुमचं मन कळेल. काही कळलं नाही! कुत्रं आलं, घागर सांडली, परत रांगेत. लतीफभाई ओरडतायत, "वहिनी, डावीकडं! डावीकडं!" शेवटी एकदाची पोचले घरी, आणि मोठ्यानं हसले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. लतीफभाई आधी दचकले, मग पाटी आपल्याकडं ओढून म्हणाले, "द्या, आता मी." दोन गिऱ्हाइकं येऊन परत गेली, तरी लतीफभाईंनी मान वर केली नाही.

तुमचं मत काय होतं, ते मला आता कधीच कळायचं नाही. तेव्हा उद्याचं मत माझं. ठरावाच्या विरोधात हात वर करणार आहे. चुकत असेन तर चुकू द्या. मशीन राहिलं तर चालवणार कोण, हे कुणालाच ठाऊक नाही, मलाही नाही. पण वाचायला मी शाळेत न जाता, किराणाच्या पुड्यांवरून शिकले. तशीच परवापासून रोज दुकानात जाऊन बसेन आणि लतीफभाईंना विचारून विचारून, पडद्यावरची ती बाई चालते कशी, ते शिकेन. हा माझा शब्द.

तुमची,
सुमन