अख्खा फोटो

बारामती,
१९ जानेवारी २०२५

चि. इंद्रजित यास,
ताईचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आप्पांचा गुडघा दुखतो, पण ते सांगत नाहीत. रेश्माला आणि मुलीला विचारलं म्हणून सांग. ‘घरी ये’ असं या वेळी लिहायचं नाही, असं ठरवून बसलेय.

भिगवणचे राजमहंमदचाचा आठवतात ना, गळ्यात कॅमेरा अडकवून स्टेशनावर, धरणाच्या काठावर हिंडायचे ते? त्यांच्या चाळीस वर्षांच्या फोटोंचं इथं प्रदर्शन भरलंय. मी आपली वेळ घालवायला म्हणून गेले आणि सगळी दुपार तिथंच गेली. पाण्यातून जाळं ओढणारे हात, निमगावच्या बाजारात वांग्यांच्या ढिगामागे पेंगणारी म्हातारी, ऊसतोड्यांच्या खोपीवर वाळत घातलेला शाळेचा गणवेश. कुणी कॅमेऱ्याकडे बघत नाही, कुणाला उगाच हसवलेलं नाही. त्यातली बरीच माणसं आता नाहीत. पण फोटोत अजून आपापल्या कामात आहेत. आपण त्यांना ‘फोटूवाले चाचा’ म्हणून चिडवायचो. किती मोठा माणूस आपल्या गल्लीत राहत होता, ते मला आत्ता कळलं.

एक फोटो स्टेशनचा आहे. पुढे मासळीच्या पेट्या चढवणारे हमाल. मागे हैदराबादची गाडी, दारात तू आणि रेश्मा. तुमच्या लग्नावरून आप्पांनी घराचं दार लावलं, त्या दिवसाचा. तू फाटकाकडे बघतोयस. आई निरोपाला आली नाही, हे तू तेव्हापासून धरून बसलायस. तिच्या दहाव्यालाही पाहुण्यासारखा आलास आणि फोटोला हार न घालता गेलास.

फोटोच्या दुसऱ्या टोकाला, पेट्यांच्या आडोशाला, आई उभी आहे. हातात फडक्यात बांधलेला डबा. नजर तुझ्यावर.

आता घरातला फोटो आठव. निळं आभाळ, त्यात नुसता चेहरा, डोळे बाजूला वळलेले. बायका म्हणायच्या, देवाकडं बघतीया. तो चेहरा यातलाच आहे.

मी चाचांना गाठलं. आईचा दुसरा फोटोच नव्हता, म्हणून ती गेल्यावर आप्पा त्यांच्याकडे गेले होते. “नुसतं तोंड कापून द्या म्हणले. म्या न्हाय म्हणलं,” चाचा म्हणाले. “फोटूतनं कुणाला भाईर काढायचं नसतं.” त्यांनी अख्खा फोटो दिला. आप्पांनी तो इंदापूरला नेऊन कापून घेतला. भिंतीवर लावायला आपल्याकडे सगळेच असा करून घेतात. पण आपण काय कापतोय, हे आप्पांना माहीत होतं. मला त्यांचा राग आला, अजून आहे.

मोबाईलवर पाठवत नाही. तू बोटांनी मोठा करून आईचा चेहराच बघशील, म्हणजे पुन्हा कापलाच.

चाचांनी मला अख्खा फोटो मोठा करून दिलाय. काल भिगवणला जाऊन मी भिंतीवरचा उतरवला. आप्पा बघत होते. रागाच्या भरात मी खिळाही उपसायला गेले, तेव्हा ते म्हणाले, “खिळा ऱ्हाऊ दे. इंद्रा लावंल.”

स्टेशनवर आलेल्या आईची लेक,
तुझी ताई