पोचपावती

५ जानेवारी
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.
ॲपचं नाव पक्कं: पोचपावती. कॉलेजच्या हॅकेथॉनला लोक बक्षीस स्पॉन्सर करतात, पुढं ते कुणाला मिळालं ते देवाला माहीत. तेरखेड्याचे फटाकेवाले बाबूराव यंदा पहिलं बक्षीस देणार, रोख एकवीस हजार. त्यांची अट एकच: पैसा पोचला का ते मला दिसलं पाहिजे. मी म्हणालो, काका, घरबसल्या दिसेल. प्राचार्यांसमोर म्हणालो. आता माघार नाही.
धाराशिवनंतर पुणे, मग बंगळूर. पहाटे पाचला उठणे.

९ जानेवारी
८.१० ला उठलो. थंडी.
लोगो झाला. हिरवी टिकमार्क, फार सुरेख. बाकी काम किरकोळ आहे.

१९ जानेवारी
विजेत्यांच्या बँक डिटेल्सचा फॉर्म राहिलाय. सध्या टेस्टिंगसाठी पहिल्या नंबराच्या ओळीत माझाच खाते नंबर टाकलाय. अक्षरा म्हणाली, आठवणीनं काढा बरं. नवरा बारा वर्षं कॉम्प्युटर शिकवतोय आणि बायको त्याला हे सांगते!

२४ जानेवारी
हॅकेथॉन दणक्यात. पहिली आली येरमाळ्याची अर्पिता. येडेश्वरीच्या यात्रेत चुकलेली माणसं शोधून देणारं ॲप, एकटीनं केलं, तेही मैत्रिणीच्या लॅपटॉपवर. बक्षिसातून स्वतःचा घेणार म्हणाली. एक मार्चपासून पुण्यात इंटर्नशिप, लॅपटॉप आपापला आणायचाय.
मी स्टेजवर बटण दाबलं, बक्षिसाचा तपशील बाबूरावांच्या मोबाईलवर गेला. टाळ्या! प्राचार्य म्हणाले, स्वानंद सर, कमाल केलीत.

२९ जानेवारी
माझ्या खात्यात एकवीस हजार! पाठवणारे बाबूराव.
दोन मिनिटं विचार केला. मानधनच, दुसरं काय? मुलीला एकवीस, मला एकवीस. म्हातारा बोलत नाही, पण माणूस ओळखतो. फोन करून आभार मानणार होतो, पण असल्या माणसांना आभार आवडत नाहीत.
ॲपवर पहिल्या बक्षिसापुढं हिरवी टिक आलीय. यंत्रणा चोख.

१ फेब्रुवारी
फिरती खुर्ची घेतली, साडेनऊ हजारांची. संस्थापक स्टुलावर बसत नसतो. अक्षराला साडी. उरलेल्यात जुना फोन बदलला.

११ फेब्रुवारी
अर्पिता आली होती. सर, इनाम अजून आलं न्हाय म्हणाली. मी स्क्रीन दाखवली. टिक आहे म्हणजे आमच्या बाजूनं काम झालंय. मग जरा आवाज खाली आणून म्हणालो, काही स्पॉन्सर असतात असे, फोटोपुरते. तिनं मान हलवली.
आता वाटतं, शेवटचं वाक्य नसतं बोललो तर चाललं असतं.

१२ फेब्रुवारी, सकाळी ११
डेटा उघडून बघितला. पहिली ओळ.
खाते नंबर माझा.
मानधन नव्हतं ते.

१२ फेब्रुवारी, दुपारी
ही चोरी नव्हे. टेस्टिंगमधली त्रुटी आहे, मोठमोठ्या कंपन्यांत होते. उद्या पैसे परत. खात्यात शिल्लक २,३१०.

१५ फेब्रुवारी
खुर्चीवाला परत घेत नाही. बसलेली खुर्ची आहे म्हणतो. बसायलाच घेतली होती ना, बाबा!
कॉलेजात अर्पिता समोरून येत होती. मी वळून लॅबमध्ये गेलो. लॅबला कुलूप होतं. कुलपाकडे बघत उभा राहिलो, ती जाईपर्यंत. शरम वाटली. लिहून ठेवतो, इथं कोण वाचतंय.

१८ फेब्रुवारी
बाबूरावांचा फोन. अर्पिताचे वडील रामकिसनराव पोरीला घेऊन तेरखेड्यात आले, चार माणसांत लबाड म्हणाले. बाबूरावांना इंग्रजी येत नाही, त्यांनी बँकेचा कागद नुसता पुढं केला. रामकिसनराव म्हणाले, कागद आमालाबी छापता येतो. मग पोरीनं तो कागद वाचला, घडी करून परत दिला आणि बापाला म्हणाली, बाबा, चला घरी.
सर, चाळीस वर्षांत मला कुणी लबाड म्हणालं नव्हतं हो, असं बाबूराव म्हणाले. मी म्हणालो, सर्व्हर बघतो.
चोराच्या मनात चांदणं म्हणतात. पण मी चोर कुठं आहे? मुलगी तरी समजूतदार. कागद वाचून शांत झाली.

२२ फेब्रुवारी
पतसंस्थेतून एकवीस हजार उचलले. अक्षराला म्हणालो, सर्व्हरचा खर्च. तिनं खुर्चीकडं बघितलं.
उद्या येरमाळा. काय बोलायचं ते लिहून पाठ केलंय. एक, बाबूराव प्रामाणिक आहेत. दोन, चूक माझी. तीन, पैसे मी वापरले. चार, माफ करा. कागद शर्टाच्या खिशात. आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं, जमतंय.

२३ फेब्रुवारी
जमलं नाही.
दारात गेलो तर भावकी जमलेली. पैसे हातात दिले आणि पहिला मुद्दा म्हणायला तोंड उघडलं, तोवर रामकिसनरावांनी माझ्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, त्या लबाड फटाकेवाल्याच्या नरड्यातनं आमच्या सरांनी पैसं काढलं, लई उपकार झाले.
सगळे माझ्याकडं बघत होते.
मी म्हणालो, कर्तव्य केलं.
जेवायला बसवलं. अर्पिता वाढत होती. पिठलं वाढायला वाकली तेव्हा हळूच म्हणाली, सर, बँकेच्या कागदावर तुमचं नाव होतं. मी वाचलं. बाबांना सांगितलं न्हाय. वाटलं, तुम्ही स्वतः सांगाल.
तेवढ्यात रामकिसनराव ओरडले, अगं, बघत काय बसलीस, सरांना अजून एक भाकरी वाढ.
तिनं वाढली. मी खाली मान घालून खाल्ली.