फाटकावरचं घमेलं

सेलू, उत्तम शुक्रवार, १९३८

प्रेमळ व (अजून) रागावलेल्या बायनाअक्कास धाकट्या लिंबाजीचा प्रभूमध्ये सलाम. आम्ही इकडे खुशाल. तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. कळवणार नाहीस हे ठाऊक आहे. तुझ्या कमलच्या लग्नाला अकरा महिने झाले, हे माझं चौथं पत्र, आणि आधीची तिन्ही पत्रं दाजींनी वाचून दाखवल्यावर तू एकदा नुसतं "हूं" म्हणालीस, एवढाच काय तो निरोप आला. चूक माझीच. भर पंगतीत मी, सख्खा भाऊ, म्हणालो की अक्काच्या वरणात डाळ शोधायला कंदील लागतो. अख्खा मांडव हसला. तू वाढता वाढता पळी खाली ठेवलीस, ते मला अजून दिसतं.

म्हणून यंदा उपवासकाळात मंडळीपुढे उभं राहून नेम धरला, की चाळीस दिवस तोंडातून वाकडा शब्द काढणार नाही. आता मी जिनच्या फाटकावरचा दरवान. कापसाच्या गाड्या ओळीनं आत सोडायच्या म्हणजे माझं तोंड हेच माझं हत्यार. नेम धरल्यापासून मी "दादा, बैल जरा मागं घेता का" म्हणायला लागलो, तर गाडीवाले घाबरलेच. मुनीम दिनकररावांनी माझ्यासाठी हकीम बोलावला. (काढा लय कडू होता. मी तेही बोललो नाही.)

काल गुरुवार, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तो दिवस. आमचे पाळक चंद्रभानसाहेब म्हणाले, नुसतं गप्प बसण्यात काय मोठेपणा, ज्याला टोचून बोललास त्याचे पाय धू. मी घमेलं घेऊन फाटकातच बसलो. पहिला आला तुमच्या वालूरचा धोंडीबा. त्याला मी दिवाळीत जनावर म्हणालो होतो. त्यानं पाय आखडून घेतले, "आरं, मी काय नवरदेव हाय का?" पण टाचेवर गार पाणी पडलं आणि गडी डोळे मिटून बसला, उठेचना. बातमी बाजारात गेली. मग ज्यांना मी जन्मात पाहिलं नव्हतं तेही येऊन सांगायला लागले, की तुमी मला लय वंगाळ बोलला होता. एकाला शिवी आठवेना, तर मलाच विचारतो, "काय म्हणला असाल बरं तुमी मला?" एरवी माझी सावली चुकवून जाणारे ग्यानबा पाटीलसुद्धा रांगेत. म्हणे मी त्यांना पोळ्याला गाढव म्हणालो. म्हणालो नव्हतो, पण मनात होतं. धुतले.

दिवस मावळेपर्यंत काळ्या मातीनं घमेलं कितीदा भरलं याचा हिशेब नाही. हसू नकोस, पण काही टाचा इतक्या फुटलेल्या होत्या, की या माणसांवर मी वर्षानुवर्षं ओरडलो याची लाज वाटली. रडलो गं अक्का. घमेल्यात पाणी होतंच, कोणाला कळलं नाही.

बाकी क्षेम. दाजींना सलाम, कमलला आशीर्वाद.

तुझा तोंडाळ भाऊ,
लिंबाजी

ता. क. पत्र धोंडीबाच्या गाडीनं धाडतोय. गावभराचे पाय धुतले, ज्यांचे धुवायचे होते ते वालूरलाच राहिले. पुनरुत्थानाच्या रविवारी घमेलं घेऊन येतोय. पाणी तेवढं तू दे. मागं मी आलो होतो तेव्हासारखं दार लावून आत बसलीस, तर मी उंबरा धुऊन परत जाईन.

दुसरा ता. क. आणि वरण पातळच कर. घट्ट केलंस तर मला वाटेल, अजून राग आहे.