विमानाचं दार

दवाखाना, १० मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं कारण असं, की हे फोनवर बोलता येणार नाही. तुझा फोन आला की बाबा तो स्पीकरवर टाकतात आणि स्वतः शेजारी ठाण मांडून बसतात. तूही उत्तर दवाखान्याच्याच पत्त्यावर पाठव. माझी मदतनीस सगळी पाकिटं न फोडता माझ्या टेबलावर ठेवते.

आता आधी खाली बस आणि मग पुढचं वाच. काल मी विमानातून उडी मारली.

एकटीने नाही गं. मला एका शिक्षकाच्या छातीला पट्ट्यांनी घट्ट बांधलं होतं. याला टँडम म्हणतात. चार किलोमीटर उंचीवरून आम्ही दोघं एका गाठोड्यासारखे निघालो. जवळजवळ मिनिटभर नुसतं कोसळत होतो. गाल कानांपर्यंत गेले, डोळ्यांतलं पाणी कपाळावर चढलं आणि खालची शेतं कोणीतरी वाळत घातलेल्या रुमालांसारखी दिसत होती. पॅराशूट त्यानेच उघडलं, जमिनीवर उतरवलंही त्यानेच. माझ्याकडे फक्त ओरडायचं काम होतं, ते मी मनापासून केलं.

आणि आता मी रीतसर शिकणार आहे. इथे जलद पद्धत आहे. पहिल्या दिवसापासून पॅराशूट आपल्याच पाठीवर, आपणच उघडायचं. दोन शिक्षक दोन्ही बाजूंनी धरून सोबत पडतात. मग दोघांचा एक होतो आणि शेवटी एकही नाही. आठ पायऱ्या आहेत. मी नाव दिलंय.

बाबांना सांगितलेलं नाही. तुला माहीतच आहे, आई गेल्यापासून मला दहा मिनिटं उशीर झाला तरी ते फाटकाशी येऊन उभे राहतात. बल्ब बदलायला स्टुलावर चढायचं तर खाली मला स्टूल धरून उभं राहावं लागतं. स्वतःच्या औषधांच्या दुकानात प्रत्येक बाटलीवरचं लेबल दोनदा वाचणारा माणूस हे कसं ऐकून घेणार? म्हणून तुला सांगतेय. छत्तीस वर्षं बस चालवलेल्या बाईला धक्के पचवायची सवय असणार, असा माझा अंदाज.

कळावे. लोभ आहेच, रागावल्यावरही असू द्यावा.
तुझी,
ठकू

१७ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद आणि एक चापट.

छत्तीस वर्षं मी दारात लोंबकळणाऱ्या लोकांवर घसा फोडून ओरडले. आत व्हा, आत व्हा म्हणून माझा आवाज कायमचा बसला. आणि माझी सख्खी भाची चालत्या विमानातून स्वतःच्या पायांनी बाहेर पडते! वाचून माझा चहा बशीत सांडला.

तुला नीट माहिती घेऊन रागवावं म्हणून मी परवा इथल्या गवताच्या धावपट्टीवर जाऊन आले. एक म्हातारं विमान आहे, दोन खोल्या आहेत आणि पांढऱ्या केसांची, काटकुळी शिक्षिका आहे. ती जुनी पद्धत शिकवते. पट्ट्याचं एक टोक विमानाला अडकवलेलं आणि दुसरं आपल्या पाठीवरच्या पॅराशूटला. एक किलोमीटर उंचीवर दारातून निघायचं. पट्टा ताणला की दोन-तीन सेकंदांत पॅराशूट आपोआप उघडतं. तुमच्यासारखं मिनिटभर कोसळणं नाही. अशा पुष्कळ उड्या झाल्या की मग हाताने उघडायला शिकवतात, आधी पाच सेकंद पडायचं, मग दहा. तुझी पद्धत म्हणजे ताट एकदम वाढणं आणि ही म्हणजे चमच्याचमच्याने भरवणं, असं ती म्हणाली.

मी सहज विचारलं, वयाची काही अट आहे का. तिने माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि दहा उठाबशा काढायला सांगितल्या. मी चौदा काढल्या.

थोडक्यात, मीही नाव दिलंय. हसू नकोस. निवृत्त झाले तेव्हा डेपोतल्या लोकांनी मला आरामखुर्ची भेट दिली. चार महिने मी तिच्यात बसून आहे आणि आता तिला माझा आकार आलाय. तुझ्या बापाला मीही सांगणार नाही. आपल्या दोघींत आधी एकटी कोण उतरते ते बघू.

जिवाला जप. पत्र लांबलचक लिही.
तुझी,
आत्या

३१ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोन पेशंटांच्या मधे वाचलं आणि इतकी हसले, की खुर्चीतले आजोबा उघड्या तोंडानेच काय झालं म्हणून विचारायला लागले.

माझं मात्र गाडं अडलंय. पहिल्या दोन पायऱ्या झकास झाल्या. मनगटावर उंचीचं घड्याळ असतं, त्यात बघून वेळेवर पॅराशूट उघडलं, उतरलेही दोन पायांवर. तिसऱ्या पायरीला दोन्ही शिक्षक हात सोडतात आणि आपण पोटावर स्थिर राहायचं असतं. त्यांनी सोडलं आणि मी भोवऱ्यासारखी फिरायला लागले. आकाश, जमीन, शिक्षकाचा बूट, पुन्हा आकाश. त्याने झडप घालून धरलं म्हणून थांबले. दुसऱ्यांदा तेच, काल तिसऱ्यांदाही तेच.

तो समोरून हाताने खूण करतो, अंग सैल सोड. अगं, मी दिवसभर लोकांच्या तोंडात कापूस कोंबून हेच सांगत असते! मला काय माहीत, की हे सांगणं इतकं सोपं आणि करणं इतकं अवघड असतं. सोमवारपासून पेशंटांशी जरा जास्त प्रेमाने वागणार आहे.

शिक्षकाने थोडं थांबायला सांगितलंय. खरं सांगू का, मला सोडूनच द्यावंसं वाटतंय. बाबांच्या समोर बसून जेवताना त्यांच्याकडे बघवत नाही, आणि ज्याच्यासाठी एवढं लपवलं ते तर जमतच नाही. तुझं काय झालं? तुझी उडी झाली असेल तर मला सगळं सविस्तर कळव. तेवढाच धीर येईल.

प्रकृतीला आणि गुडघ्यांना जप. माया पातळ होऊ देऊ नये.
तुझी,
ठकू

७ एप्रिल

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

सोडून द्यायचं नाव काढशील तर याद राख. काल मी उडी मारली!

आधी दोन दिवस जमिनीवर लोळवलं. एका ओट्यावरून उड्या मारून पाय जोडून कुशीवर कसं पडायचं ते शंभरदा घोटवून घेतलं. घरी येऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवरूनही सराव केला, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून डॉक्टरांना बोलावू का म्हणून विचारलं. मग काल वर गेलो. दार उघडलं आणि निघाले. काय सांगू तुला! गाल कानांपर्यंत गेले. डोळ्यांतलं पाणी कपाळावर. खाली शेतं अशी, जणू रुमाल वाळत घातलेत. उतरलेही अलगद. काही म्हणजे काही कठीण नाही.

सत्तावन्नाव्या वर्षी मला जमतं तर तुला अठ्ठाविसाव्या वर्षी का जमू नये? जा परत आणि त्या शिक्षकाला विचार, तुझं नेमकं चुकतंय काय. आमच्याकडे नवा ड्रायव्हर गाडी सारखी एका बाजूला नेत असेल, तर आम्ही त्याला धीर धर म्हणून सांगत नसू, त्याचे हात बघत असू.

बाकी क्षेम. लवकर चांगली बातमी पाठव.
तुझी,
आत्या

२१ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

जमलं! काल तिसरी पायरी पार झाली!

तुझं पत्र वाचून मी शिक्षकाला तसंच विचारलं. त्याने मला शहरापलीकडे वाऱ्याच्या नळीत पाठवलं. दोन मजली उंच काचेची नळी असते, खालून प्रचंड पंखे वारा सोडतात आणि आपण त्या वाऱ्यावर पालथं पडून तरंगायचं. तिथल्या शिक्षिकेने मला पाच मिनिटं गरगर फिरू दिलं, बाहेर काढलं आणि विचारलं, की मी काम काय करते. म्हटलं, दातांची डॉक्टर. तिने विचारलं, की ड्रिल पायाने चालवतेस का. म्हटलं, हो, उजव्या पायाने. ती पोट धरून हसली. घाबरले की माझा उजवा पाय पेडल दाबतो, गं! हवेत चार किलोमीटरवरसुद्धा मी कोणाची तरी दाढ कोरत होते. एक पाय खाली, एक वर, मग फिरणार नाही तर काय?

पुढची दहा मिनिटं नुसता पाय सरळ ठेवायला शिकले. काल शिक्षकांनी हात सोडले आणि मी तशीच राहिले. समोर दोन माणसं, खाली सगळी दुनिया आणि मी जागच्या जागी. ते दोघं हवेतच टाळ्या वाजवत होते.

आता एक विचारते, रागावू नकोस. तुझ्या पद्धतीत पॅराशूट दोन-तीन सेकंदांत उघडतं, असं तूच लिहिलं होतंस. मग गाल कानांपर्यंत जायला वेळ कुठून मिळाला? आणि ते वाळत घातलेले रुमाल तर माझे आहेत. आत्या, तू ठीक आहेस ना?

प्रेम आहे तसंच आहे, तेवढं लक्षात ठेव.
तुझी,
ठकू

२७ एप्रिल

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पकडलंस. मी उडी मारलेली नाही.

दोनदा वर गेले आणि दोन्ही वेळा विमानात बसूनच खाली आले. लोळायचं, पडायचं, पॅराशूट उघडेपर्यंत सेकंद मोजायचे, सगळं मला वर्गात पहिल्या नंबराने येतं. पण दार उघडलं, वारा आत घुसला आणि माझ्या हाताने जी चौकट धरली, ती सुटेचना. शिक्षिका कोणालाही ढकलत नाही. तिने शांतपणे विचारलं, जायचं का, मी नाही म्हणून मान हलवली, तिने दार लावलं. खाली उतरल्यावर मी सगळ्यांना हसून दाखवलं आणि घरी येऊन बूटही न काढता बसून राहिले. आयुष्यभर चाक माझ्या हातात होतं, ठकू. धरून ठेवायचं, एवढंच मी शिकले. सोडायचं कोणी शिकवलंच नाही.

तुझं ते रडवेलं पत्र त्याच आठवड्यात आलं. तुला सायकल मी शिकवली, पोहायला मी ढकललं, आणि आता मीच भित्री निघाले हे तुला कसं लिहू? म्हणून तुझंच पत्र समोर ठेवून उतरवून काढलं. चुकलं माझं.

आणखी एक चुकलंय, ते जास्त मोठं आहे. काल तुझ्या बापाचा फोन आला. त्याने नेहमीसारखं विचारलं, कशी आहेस, आणि मला एकदम रडूच आलं. मी माझं सगळं सांगितलं. हे खूळ कुठून शिरलं म्हणून त्याने विचारलं आणि माझ्या तोंडून तुझंही निघून गेलं. त्याने लगेच फोन ठेवून दिला.

चार मेला माझी तिसरी खेप आहे. जाईन की नाही, माहीत नाही. तू मात्र थांबू नकोस.

माफ केलंस तर तसं लिही. नाही केलंस तरी लिही.
तुझी,
आत्या

३० एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कसली माफी! तुझ्या खोट्या उडीने माझी खरी पार पडली. पण आता माझ्यासाठी उडी मारू नकोस. तुला मारायची असेल तरच मार. आणि पुन्हा बसूनच खाली आलीस, तर तेही जसंच्या तसं लिही. मला तेही वाचायचंय.

बाबा चार दिवस माझ्याशी धड बोललेले नाहीत. चहा हवा का, एवढंच विचारतात. मी समोर बसून सगळं सांगितलं, ते ऐकत होते आणि टेबलावरचं मीठ उगाच पुसत होते. मी शिकणं सोडावं असंही म्हणत नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. आज सांगत होते, की शनिवारी कामासाठी बाहेरगावी जायचंय. कुठलं काम ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दारात उभी राहिलीस, की मी कुठेतरी तुझ्याच बाजूने आहे, एवढं धरून चाल.
तुझी,
ठकू

ताईच्या घरून, ४ मे

चि. ठकूस,
आशीर्वाद.

मी लेबलं लिहिणारा माणूस आहे, पत्रं लिहिणारा नाही. पण हे फोनवर मला सांगता येणार नाही.

मी इथे आलो ते ताईला अडवायला. सकाळी पोचल्यापासून तिला समजावत होतो. तिने सगळं ऐकून घेतलं, कप विसळले आणि बूट घातले. वाद अर्धा राहिला होता म्हणून मी सोबत गेलो. तिथल्या शिक्षिकाबाईंना मी नवा विद्यार्थी वाटलो. मी त्यांना तीस-एक प्रश्न विचारले. पॅराशूटची घडी कोण करतं, तपासतं कोण, उघडलंच नाही तर दुसरं कुठे असतं. त्यांनी एकाही प्रश्नाचा कंटाळा केला नाही. घडीची वही दाखवली. प्रत्येक नोंदीखाली दोन माणसांच्या सह्या. विषारी औषधांसाठी आमच्या दुकानातही तसंच असतं.

मग विमान वर गेलं. एक घिरटी झाली, कोणी बाहेर आलं नाही. दुसरी झाली, तरी नाही. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं, ते का ते मला अजून कळलेलं नाही. तिसऱ्या घिरटीला विमानाच्या पोटाखाली एक ठिपका दिसला. मग त्या ठिपक्यावर हिरवं पॅराशूट उघडलं. मी गवतावर कधी बसलो, ते आठवत नाही.

ताईने उडी मारली, ठकू. मी स्वतः पाहिली.

ती धावपट्टीपासून लांब, नांगरलेल्या शेतात उतरली. मी पळत गेलो, किती वर्षांनी पळालो कोणास ठाऊक. ती केसांपर्यंत चिखलाने माखून बसली होती. आधी हसली, मग रडली, मग मी पाहिलं का म्हणून तीनदा विचारलं. मोजायचं विसरले म्हणाली. हात कसा सुटला विचारलं, तर म्हणाली, कंटाळला बिचारा धरून धरून. मी तिचे दोन्ही घोटे तपासले. ठीक आहेत. आता ती आंघोळीला गेलीय आणि आतून मोठमोठ्याने गातेय.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. दीड महिना रोज माझ्यासमोर बसून जेवलीस आणि एक अक्षर बोलली नाहीस. पण येताना बसमध्ये विचार केला. तुझी आई गेल्यावर मला वाटलं, तू कोणत्या वेळी कुठे आहेस हे माहीत असलं, की तुला काही होणार नाही. त्याने एवढंच झालं, की तू मला सांगेनाशी झालीस.

येत्या शनिवारी तुझी उडी किती वाजता आहे ते कळव. मी येणार आहे. तुझ्या शिक्षकांना सांगून ठेव, प्रश्न विचारायला तासभर लागेल. विमानात मी पाऊल ठेवणार नाही, ते मनातही आणू नकोस. मी खाली उभा राहीन. वर बघणं मला जमतं, हे आज कळलं.

लोभ होताच. यापुढे तो न लपवता असावा.
तुझा,
बाबा