स्थळाची चौकशी

मंगळवार, वेंगुर्ले

आईने आज मालवणच्या स्थळाला नकार कळवला, माझ्या चौकशीवरून. काजूवरच्या माझ्या पीएचडीच्या प्रबंधात मी मेलेली कलमंही नोंदवते. मुलाबद्दल मात्र तिघांनाच विचारलं. दोघं चांगलं बोलले. तिसरी, मासे विकणारी पार्वतीकाकी, म्हणाली, "दारू पिता गो तो." तिथे मी थांबले.

आई म्हणाली, "दोघा तर बरो म्हणतत मा?"

"पिणाऱ्याक देतलंस माका?"

तिने मालवणला फोन लावला. संध्याकाळपर्यंत, आमचा नकार ऐकून कणकवलीच्या एका घरानेही त्याला नकार दिल्याचं कळलं. कारण तेच, दारू.

आणखी एकाला का नाही विचारलं? पार्वतीकाकीच्या मुलीला त्याच्या घरच्यांनी नाकारलं होतं, हे मला ठाऊक होतं. प्रबंधात अशी साक्ष मी बाद केली असती. इथे तिच्याचकडे गेले, कारण नुसतं 'नको' आईने ऐकलं नसतं.

मुलगा बहुधा पीत नसावा.